एकाचा उशीर आणि सर्वांचा उशीर

प्रश्न : स्पंदक तारे म्हणजे अतिशय अचूक घड्याळे असून गुरुत्वीय लहरींमुळे त्यांचे ठोके किंचित मागेपुढे होतात, असे एका व्याख्यानात ऐकले. पण ठोका लहरीमुळे चुकला की मुळात ताऱ्यातच काही बिघडले, हे शास्त्रज्ञ कसे ठरवतात? – एक वाचक, दादर

उत्तर : एकाच स्पंदकाकडे पाहून ते ठरवता येत नाही, आणि या संशोधनाचा खरा कस तिथेच लागतो.

स्पंदक हा न्यूट्रॉन तारा असतो. सूर्याहून अधिक वस्तुमान जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात ठासलेले असते आणि तो स्वतःभोवती फिरत असताना त्याचा रेडिओ झोत, कुलाब्यापुढच्या प्राँग्स दीपगृहाच्या झोतासारखा, ठराविक अंतराने पृथ्वीवरून जातो. जोसलिन बेल यांना १९६७ साली सापडलेल्या पहिल्या स्पंदकाचे ठोके सुमारे १.३४ सेकंदांनी येत. १९८२ साली सापडलेला पहिला मिलिसेकंद स्पंदक मात्र सेकंदाला सुमारे ६४२ वेळा फिरतो. घड्याळ म्हणून कामाचे ते हे दुसऱ्या जातीचे, कारण त्यांची गती वर्षानुवर्षे जवळजवळ ढळत नाही.

आता आपल्या शंकेकडे वळू. दादर स्थानकावरचे घड्याळ दोन मिनिटे मागे दिसले, तर आपण त्या घड्याळाला दोष देऊ. चर्चगेटपासून बोरिवलीपर्यंत प्रत्येक स्थानकावर तोच दोन मिनिटांचा फरक दिसू लागला, तर मात्र आपल्या मनगटावरचे घड्याळच तपासावे लागेल. स्पंदकांचेही असेच आहे. सगळे एकदम सारखेच चुकू लागले, तर दोष पृथ्वीवरच्या आण्विक घड्याळांचा असतो. आकाशाच्या एका बाजूचे लवकर आणि विरुद्ध बाजूचे उशिरा येऊ लागले, तर सूर्यमालेचा वस्तुमानमध्य, म्हणजे ज्याच्या संदर्भाने ठोक्यांच्या वेळा मोजतात तो तिचा समतोलबिंदू, आपण चुकीच्या जागी धरलेला असतो. गुरू ग्रहाच्या कक्षेच्या गणितातली बारीकशी चूकही त्याला पुरते. गुरुत्वीय लहर मात्र अवकाशाला एका दिशेने ताणते आणि त्याच वेळी काटकोनातल्या दिशेने आकसते. त्यामुळे आकाशात जवळजवळ दिसणाऱ्या दोन स्पंदकांच्या चुका एकमेकींशी जुळतात, साधारण काटकोनात असणाऱ्यांच्या उलट्या पडतात आणि अगदी समोरासमोर असणाऱ्यांच्या पुन्हा थोड्याफार जुळू लागतात. हेलिंग्ज आणि डाउन्स या शास्त्रज्ञांनी १९८३ साली कागदावर मांडलेला हा आलेख दुसरे कोणतेही कारण सहजासहजी उमटवू शकत नाही, आणि म्हणूनच शोध घ्यायचा तो एकेका ताऱ्याच्या उशिराचा नसून ताऱ्यांच्या जोड्यांमधल्या या नात्याचा.

हे काम चिकाटीचे आहे, कारण अपेक्षित फरक सेकंदाच्या कोट्यंशांच्या घरातला आणि लहरीचे एक आंदोलन पूर्ण व्हायला वर्षे लागतात. २०१५ साली लायगोने, म्हणजे अमेरिकेतल्या लांब भुजांच्या गुरुत्वीय लहरी शोधकाने, टिपलेली लहर सेकंदाला कित्येक वेळा हेलकावत होती. त्या चार किलोमीटरच्या भुजांना ही संथ लहर जाणवणारच नाही. २९ जून २०२३ रोजी अमेरिका, युरोप, भारत, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधील गटांनी आपापले निष्कर्ष एकाच वेळी जाहीर केले. युरोपीय गटाने भारतीय गटाच्या साथीने २५ स्पंदकांची सुमारे २५ वर्षांची निरीक्षणे तपासली होती. ‘विश्वाची गुणगुण ऐकू आली’ अशा धाटणीचे मथळे मला थोडे उतावळे वाटले. मिळालेला पुरावा भक्कम होता, तरी शोध निर्विवाद मानण्यासाठी भौतिकशास्त्र जी पाच सिग्माची, म्हणजे निव्वळ योगायोगाची शक्यता नगण्य ठरवणारी, पायरी मागते, ती तेव्हा गाठली गेली नव्हती. या लहरी बहुधा दूरच्या दीर्घिकांच्या केंद्रांत एकमेकांभोवती फिरणाऱ्या महाकाय कृष्णविवरांच्या असंख्य जोड्यांच्या असाव्यात; अतिप्राचीन विश्वातील घडामोडींची शक्यताही अजून पूर्णपणे बाद झालेली नाही.

प्रश्न : टाटा मूलभूत संशोधन संस्था कुलाब्यात आहे, मग तिची रेडिओ दुर्बीण इतक्या दूर खोडदला का? – एक विद्यार्थिनी, मुलुंड

उत्तर : मुंबईत मोबाइलपासून विजेच्या तारांपर्यंत सगळीकडे रेडिओ गोंगाट आहे आणि स्पंदकांचे संदेश त्यापुढे अत्यंत क्षीण असतात. पुण्याच्या शाखेकडून चालवली जाणारी ही दुर्बीण म्हणूनच नारायणगावजवळ, डोंगरांच्या आडोशाला आहे : ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. वरच्या प्रश्नाशीही तिचा थेट संबंध आहे. ताऱ्यांमधल्या अवकाशातील विरळ इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारतेच्या लहरी जास्त वारंवारतेच्या लहरींपेक्षा उशिरा पोहोचतात, आणि हा उशीर दिवसागणिक थोडा बदलतही असतो. तो मोजून वजा केला नाही, तर गुरुत्वीय लहरीचा फरक त्यात बुडून जातो. खोडदच्या अँटेनांचे गट पाडून एकच स्पंदक ३०० ते ५०० आणि १२६० ते १४६० मेगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांत एकाच वेळी पाहता येतो, आणि कमी वारंवारतेवर हा उशीर मोठा दिसत असल्याने तो तिथेच सर्वांत नेमका मोजला जातो.