नळी बंद केली तर मूल उपाशी राहील का?

तोंडाने खात नाहीत म्हणून ज्यांना नळीतून थेट पोटात दूध दिलं जातं, अशा मुलांचे आईवडील समुपदेशक म्हणून माझ्याकडे येतात तेव्हा पहिली धास्ती हीच असते: नळीचं दूध कमी केलं आणि पोरीने तोंडाने काहीच घेतलं नाही तर? दुसरा प्रश्न आई बऱ्याचदा एकटी असताना विचारते, "मॅडम, माझंच काही चुकलं का?"

अडीच वर्षांच्या एका मुलीबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दिवस भरायच्या आधी जन्मलेली, पहिले काही महिने दवाखान्यातच. सक्शन, म्हणजे नळीने तोंड-घशातला कफ ओढून काढणं, नाकातली नळी, औषधं. तोंडाजवळ जे आलं त्याने त्रासच दिला. पुढे थेट पोटात नळी बसवली. साधारण सहाव्या महिन्यापासून बाळं चवी घेतात, चावायला शिकतात, तो काळ हिच्या हातून निसटला. अशा नकाराला हट्ट म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

मी भरवतानाचा व्हिडिओ मागवला. चमचा वाटीतून वर येण्याआधीच तिचे ओठ घट्ट मिटलेले. चमचा जवळ आला की मान वळते, उबळ येते. आई घाबरून चमचा खाली ठेवते, बाबा मोबाइलवर गाणं लावतात, ती शांत होते. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तेवढाच तुकडा मी दोघांना परत परत दाखवला. तोंड फिरवलं की चमचा जातो आणि वर गाणंही लागतं, हे ती प्रत्येक जेवणाला शिकत होती. दोघंही मायेपोटीच करत होते, म्हणून आईला मी स्वच्छ सांगितलं की यात तिचा दोष नाही. शिवाय दिवसभराचं पोषण नळीतूनच मिळत असेल तर भूक लागणार कशी?

मात्र गिळताना अन्न श्वासनलिकेत जात नाही ना, जळजळ किंवा उलटीचा त्रास नाही ना, हे डॉक्टरांनी आणि गिळण्याच्या थेरपिस्टनी तपासेपर्यंत मी काही सुरू करत नाही. २०१९ मध्ये तज्ज्ञांनी मिळून मुलांच्या खाण्याच्या विकाराची व्याख्या केली, तीही चार अंगांनी बघते: आजार, पोषण, खाण्याचं कौशल्य आणि मानसिक-सामाजिक बाजू. एकट्या समुपदेशकाचं हे काम नव्हेच.

तपासण्या झाल्यावर रिकाम्या चमच्यापासून सुरुवात केली. ओठांना लागू दिला की लगेच शाबासकी आणि गाणं. मग चमच्याच्या टोकाला नुसता ओलावा, मग घासाचा कण. जेवण थोडक्या वेळाचं, आणि ते घड्याळाच्या गजराने संपायचं, रडण्याने नाही. नकाराला ओरडा नाही, विनवणीही नाही. आईला विनवणी थांबवणंच सर्वांत जड गेलं.

घास स्वीकारेपर्यंत चमचा ओठांपाशीच धरून ठेवायची पद्धतही आहे आणि तिच्या परिणामावर बरंच संशोधन आहे. पण व्हिडिओ बघून घरी कुणी ती करू नये. हात धरून, नाक दाबून भरवणं म्हणजे तर ही पद्धत मुळीच नव्हे. त्याने जुनी भीती पक्की होते.

ती थोडं गिळू लागल्यावर आहारतज्ज्ञांनी दिवसाचं नळीचं दूध टप्प्याटप्प्याने कमी केलं. सुरुवातीला वजन थोडं उतरलं आणि आजी काळजीने कासावीस झाल्या. किती उतरलेलं चालेल ही मर्यादा डॉक्टरांनी आधीच ठरवली होती. लघवी कमी झाली, मूल मलूल दिसलं किंवा पिताना खोकला आला तर लगेच कळवायचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. उपाशी राहण्याच्या भीतीला माझं उत्तर हेच: नळी एका दिवसात बंद करत नाहीत, आणि तोंडाने पुरेसं गेलं नाही तर तीच नळी हाताशी असते.

काही महिन्यांनी ती वाटीभर मऊ जेवण स्वतःच्या हाताने खाऊ लागली. कडक पदार्थ अजून थुंकते, त्यावर थेरपिस्टचं काम चालू आहे. नळी आता फक्त रात्री वापरतात. ती काढायची घाई डॉक्टरांना नाही. ताप-सर्दीच्या दिवसांतही वजन टिकतं का, ते बघूनच ठरवणार आहेत.