मानवी प्रथिन, पण माणसाच्या रक्तातले नव्हे

प्रश्न : वडिलांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा आमच्या भागातील सरकारी केंद्रात त्यांना टेनेक्टेप्लेज या रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचे इंजेक्शन देऊन मग बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात हलवण्यात आले. हे औषध ‘मानवी प्रथिन’ असल्याचे कळल्यापासून घरात चिंता आहे. ते कोणाच्या रक्तातून काढतात का? त्यातून कावीळ लागू शकते का?
– एक वाचक, सत्तरी

उत्तर : आपली शंका रास्त आहे, परंतु हे प्रथिन कोणाच्याही रक्तातून काढलेले नसते. माणसाकडून आलेली असते ती केवळ जनुकातील माहिती. प्रथिन तयार होते ते कारखान्यातील बंद टाक्यांत वाढवलेल्या पेशींमध्ये. त्यामुळे दुसऱ्याच्या रक्तातून लागणाऱ्या काविळीची वाट येथे मुळातच नाही.

आपल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातील पेशी टी-पीए नावाचे विकर (एन्झाइम) अल्प प्रमाणात सोडतच असतात; टेनेक्टेप्लेज त्याच्यावरच आधारलेले आहे. टी-पीए रक्तातील प्लाझ्मिनोजेनचे प्लाझ्मिन करते आणि प्लाझ्मिन गुठळीतील फायब्रिनचे जाळे तोडते. मानवी ऊतींतून हे विकर वेगळे काढता येत होते, पण इतके तुटपुंजे की त्यावर रुग्णांचे उपचार करणे अशक्य होते. बेल्जियममधील देझिरे कोलेन आणि जेनेन्टेक या अमेरिकी कंपनीतील संशोधकांनी त्याचे जनुक वेगळे करून ते जिवाणूत कार्यरत केल्याचे १९८३ मध्ये प्रसिद्ध केले आणि १९८७ मध्ये अमेरिकेत ते झटक्यावरील औषध म्हणून मान्य झाले.

औषध मात्र जिवाणूंत बनवले गेले नाही. टी-पीए ही ५२७ अमिनो आम्लांची साखळी असून ती १७ गंधकबंधांनी नेमक्या घडीत बसते, शिवाय तिच्यावर शर्करेच्या साखळ्या जोडलेल्या असतात. शर्करा जोडण्याचे हे काम नेहमीच्या ई. कोलाय जिवाणूला येत नाही. म्हणून चिनी हॅमस्टर या प्राण्याच्या बीजांडकोशापासून वाढवलेल्या पेशी वापरतात. टेनेक्टेप्लेज हे याच प्रथिनाचे तीन ठिकाणी बदललेले रूप आहे. ते रक्तात अधिक काळ टिकत असल्याने मूळ औषधासारखे दीड तास सलाइनमधून न देता रुग्णाच्या वजनानुसार एकाच वेळी टोचता येते, आणि बांबोळीपासून दूर असलेल्या तालुक्यांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण हृदयाचा स्नायू रुग्णवाहिकेची वाट पाहत थांबत नाही. कुपीतील पांढरी कोरडी भुकटी निर्जंतुक पाण्यात विरघळवताना परिचारिका कुपी हलवत नाही, हलकेच फिरवते. जोरात हलवल्यास फेस येतो.

या औषधाचा खरा धोका रक्तस्रावाचा आहे. म्हणूनच टोचण्यापूर्वी अलीकडची शस्त्रक्रिया, पक्षाघात, डोक्याला झालेली इजा यांची चौकशी होते. ती माहिती घरच्यांनी मुळीच लपवू नये.

प्रश्न : मी जैवतंत्रज्ञानाची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींवर व्हीईजीएफ या रक्तवाहिन्यांच्या वाढीला चालना देणाऱ्या मानवी प्रथिनाचा परिणाम पाहायचा आहे. ई. कोलायमध्ये बनवलेले, स्वस्त प्रथिन चालेल का?
– एक वाचक, ताळगाव

उत्तर : चालेल. व्हीईजीएफ शर्करेवाचूनही काम करते, त्यामुळे टी-पीएची अडचण येथे येत नाही. काळजी घ्यावी लागते ती एंडोटॉक्सिनची. जिवाणूच्या भित्तिकेतील हा पदार्थ शुद्धीकरणानंतरही लेशमात्र उरू शकतो आणि नेमक्या अस्तरपेशीच त्याला प्रतिसाद देतात : त्यांच्या पृष्ठभागावर पांढऱ्या पेशींना धरून ठेवणारे रेणू वाढतात, दाह सुरू होतो, आणि हे सारे आपण व्हीईजीएफच्या नावावर लिहून मोकळे होतो. प्रत्येक खेपेच्या प्रमाणपत्रावरील एंडोटॉक्सिनचा आकडा पाहावा. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे तुलनेसाठी एक नमुना आधी उकळून वापरणे. उकळल्याने प्रथिन निकामी होते, पण एंडोटॉक्सिन बहुतांशी तसेच राहते. उकळलेल्या नमुन्यानेही पेशी उत्तेजित झाल्या, तर तो परिणाम व्हीईजीएफचा मानू नये.

सौम्य द्रावणातील प्रथिन नळीच्या भिंतीला चिकटून कमी होते, म्हणून त्यात थोडे अल्ब्युमिन हे दुसरे प्रथिन मिसळतात. द्रावण एकदाच वापरता येईल अशा लहान भागांत गोठवून ठेवावे, कारण पुनःपुन्हा वितळवल्याने त्याची क्रियाशीलता घटते. ‘केवळ संशोधनासाठी’ असे लिहिलेली कुपी कितीही शुद्ध असली तरी माणसाला टोचण्यासाठी नसते, हे प्रयोगशाळेतील प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.