पुण्यात दुचाकींच्या पार्किंगचं धोरण कसं सुधारता येईल?

सुरुवात रस्त्याच्या कडेला आखायच्या पार्किंगच्या पट्ट्यांपासून करा. रस्त्याला समांतर उभी राहणारी एक कार कडेची साधारण ५ मीटर लांबी अडवते. तेवढ्यात १ मीटर रुंदीच्या पाच दुचाकी काटकोनात सहज बसतात. पट्टा २ मीटर खोल लागतो. रस्ता अरुंद असेल तर ४५ अंशात आखा. एका गाडीच्या जागेची रुंदी १ मीटरपेक्षा कमी नको. साइड स्टँडवर गाडी कलते, जागा कमी पडली तर हँडल शेजारच्यात अडकतं आणि लोक दुसरी रांग लावतात.

जागा निवडताना चौकाजवळची, झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडची कारची जागा आधी दुचाकींना द्या. गाड्या बुटक्या असल्याने रस्ता ओलांडणारं माणूस, विशेषतः शाळकरी पोर, चालकाला दिसतं. मात्र क्रॉसिंगला खेटून कोणतीच गाडी नको.

दुचाकी चढू नयेत म्हणून फुटपाथवर नुसते खांब रोवून भागत नाही. व्हीलचेअर जाईल एवढ्या फटीतून स्कूटरही जाते. म्हणून शेजारीच अधिकृत जागा हवी आणि फुटपाथवरच्या गाडीवर रोज कारवाई हवी.

रस्त्याच्या कोणत्या बाजूला विषम तारखेला आणि कोणत्या बाजूला सम तारखेला गाडी लावायची हे सांगणाऱ्या पी-१, पी-२ फलकांवर तारीख कळेल असं मराठीत लिहा. बाहेरगावच्याला नुसत्या आकड्यावरून काहीच कळत नाही, आणि गाडी उचलली जाते.