दहशतवादी संघटनेचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर नुसता फॉरवर्ड केला तरी गुन्हा होतो का?

होऊ शकतो, पण फॉरवर्ड करण्यामागचा हेतू काय होता यावर सगळं अवलंबून आहे. यूएपीए, म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, १९६७, याचं कलम ३९ वाचा: बंदी घातलेल्या दहशतवादी संघटनेचं काम पुढे नेण्याच्या हेतूने तिच्यासाठी पाठिंबा मागितला, तर १० वर्षांपर्यंत कैद. कलम १८ त्याहून कडक आहे. दहशतवादी कृत्याची भलामण केली किंवा त्यासाठी चिथावणी दिली, तर किमान ५ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. म्हणजे निषेध म्हणून किंवा बातमी म्हणून पाठवलेली क्लिप आणि 'यांना सामील व्हा' असं लिहून पाठवलेली क्लिप, कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी. नुसतं साहित्य जवळ असणं तर याहून दूरची बाब. एल्गार परिषद प्रकरणातल्या दोघांना जुलै २०२३ मध्ये जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हिंसेचा प्रचार करणारं साहित्य केवळ बाळगणं हे दहशतवादी कृत्य ठरत नाही.

मात्र हेतू नव्हता हे खटल्यात सिद्ध होईपर्यंत तुम्ही बाहेर असालच असं नाही. याच कायद्याच्या कलम ४३ड(५) नुसार या गंभीर कलमांखालचा आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तरी न्यायालय जामीन नाकारतं. (अनेकांना वाटतं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं म्हणजे ऑनलाइन काहीही चालतं. ते कलम २०१५ मध्ये गेलं खरं, पण त्याचा यूएपीएशी काडीचाही संबंध नाही.)