मॅडम, हे बाहेरचं तर नाही ना?

रात्री मधेच जाग येते. अंधारात कुणीतरी उभं असतं, छातीवर दाब येतो, ओरडावंसं वाटतं पण आवाज फुटत नाही. हे काही बाहेरचं तर नसेल? असं विचारणारे लोक कमी शिकलेले असतात असा कुणाचा समज असेल, तर त्यांनी माझ्या दारातल्या बाकावर एक संध्याकाळ बसून बघावं. शिक्षिका येतात, बँकेतले लोक येतात. एक औषधांचे दुकानदार आले होते, त्यांच्या खिशात अंगाऱ्याची पुडी होती.

आज सांगते ती हकिकत पुण्यात एमपीएससीची तयारी करणाऱ्या एका मुलाची. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर खोली, चौघांत एक पंखा, रात्री दोनपर्यंत अभ्यासिका आणि सकाळी लवकर उठून पुन्हा तिथेच जागा धरायची. पूर्व परीक्षा दोनदा थोडक्यात हुकलेली. आई सातारा जिल्ह्यातल्या गावाहून आली होती आणि बोलायला सुरुवात तिनेच केली.

"मॅडम, याला अवसेच्या आसपास त्रास होतो. काळं दिसतं. देवऋषी म्हणाला, वाटेत कायतरी ओलांडलंय यानं."

मुलगा मोबाइलच्या कव्हरचा कोपरा सोलत बसला होता. तारखा विचारल्या तर त्याच्याकडे लिहिलेल्या होत्या. त्यांतली एक अवसेच्या दुसऱ्या दिवसाची, बाकीच्या महिनाभर विखुरलेल्या. सारखं होतं ते वेगळंच: त्या प्रत्येक वेळी झोप जेमतेम तीन-चार तासांची, आणि झोपलेला उताणा.

वहीच्या मागच्या पानावर त्याने ती आकृती काढून दाखवली. रुंद खांदे, चेहरा नाही, कॉटच्या पायथ्याशी दाराच्या बाजूला. "माझ्याकडे बघतंय असं वाटतं," तो म्हणाला. डोळे काढलेच नव्हते, तरी बघतंय. त्याचं त्यालाही ते चमत्कारिक वाटत होतं.

याला डॉक्टर स्लीप पॅरालिसिस म्हणतात. ज्या झोपेत स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू ढिले सोडतो, नाहीतर स्वप्नातलं धावणं आपण कॉटवरच सुरू केलं असतं. कधीकधी जाग आधी येते आणि तो ढिलेपणा मागाहून जातो. मधल्या काही सेकंदांत, क्वचित मिनिट-दोन मिनिटं, डोळे उघडे असतात, अंग हलत नाही आणि स्वप्न अजून संपलेलं नसतं. श्वास चालू असतो, पण मनाजोगा खोल घेता येत नाही, म्हणून छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये लोकांच्या छातीवर म्हातारी बसते, आपल्याकडे मुंजा नाहीतर हडळ. वेगवेगळ्या पाहण्या एकत्र करून २०११ साली जो अंदाज काढला गेला, त्यात साधारण ८ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेला दिसला. विद्यार्थ्यांमध्ये २८ टक्क्यांच्या आसपास.

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खरा प्रश्न विचारला. "पण मग ते काळंच का? आणि वाईटच का? चांगलं कुणी का येत नाही?"

मी खोलीचे पडदे ओढले, दिवा घालवला आणि गप्पा चालू ठेवल्या. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मग खिळ्याला टांगलेल्या छत्रीकडे एकटक बघायला सांगितलं.

"गेली," तो म्हणाला.

"आता नजर जरा डावीकडे ने."

"आली परत. हलली पण."

छत्री जागची हलली नव्हती. मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्यावर मधोमध नसतात, त्या सभोवार असतात. त्यामुळे अंधारात ज्याच्याकडे रोखून बघावं ते नाहीसं होतं आणि नजरेच्या कडेला असलेलं सरकल्यासारखं वाटतं. बघायला गेलं की लपतं, नजर काढली की हलतं. असं वागणाऱ्या माणसाबद्दल आपलं मत चांगलं होईल का? त्यात अंग लुळं, काळजात धडधड. एवढी भीती वाटतेय म्हणजे भिण्यासारखं काहीतरी असलंच पाहिजे, असा हिशेब मेंदू करतो आणि दाराजवळच्या काळोखाला खांदे फुटतात.

"म्हणजे मी भित्रा आहे?"

नाही. अचानक मोठा आवाज झाला तर माणूस उजेडापेक्षा अंधारात जास्त दचकतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. उंदरांचं उलट, ते लख्ख उजेडात जास्त दचकतात. रात्री वावरणाऱ्या जिवाला उजेडातच धोका. उंदरांना पुराणं लिहिता आली असती, तर त्यांचे राक्षस पांढरेशुभ्र असते.

मग आईला आत बोलावलं. लहानपणी तिन्हीसांजेनंतर याला काय काय सांगायचात, असं विचारलं. तिने एका दमात सांगितलं: पिंपळाखालनं जायचं नाही, मुंजा धरतो. बॅटरीशिवाय पाय टाकायचा नाही. उसाकडं जायचं नाही, बिबट्या असतो. भुईवर झोपायचं नाही, मण्यार येते. रात्री शीळ घालायची नाही.

यातली मण्यार अगदी खरी. ती रात्रीच हिंडते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दंश इतका कमी दुखतो की कित्येकदा कळतच नाही. तेव्हा म्हाताऱ्याकोताऱ्यांनी अंधाराची धास्ती घातली ती उगाच नव्हे, तिने पोरं वाचली आहेत. पण मण्यार आणि मुंजा एकाच तोंडून, एकाच वेळी, सारख्याच आवाजात सांगितले गेले. पोराने दोन्ही एकाच डब्यात भरले. पंचविशीतला मुलगा दिवसा तो डबा उघडत नाही, पण अर्धवट झोपेत हाताला लागतं ते त्यातलंच.

"पण अवस वाईटच," आई म्हणाली.

"लक्ष्मीपूजन कधी करता, ताई?"

"अवसेलाच की." मग थांबून, "पण तेव्हा दिवे असतात."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तिचं बरोबर होतं. तिला भीती तिथीची नव्हती, न दिसण्याची होती. गळ्यात तुळशीची माळ होती तिच्या. पसायदानात दुरितांना तिमिर म्हटलंय आणि ते म्हणणारे वारकरी काळ्या विठोबाच्या पायावर डोकं ठेवतात. संतांनी उपमा वापरली, तिचा रंगाशी घोळ घातला तो आपण. लग्नाच्या बाजारात सावळ्या मुलींना त्याची किंमत मोजावी लागते, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

उपाय साधेच होते. रात्री बाराच्या आत आडवं व्हायचं आणि निदान साडेसहा तास झोपायचं, कुशीवर. संध्याकाळनंतर चहा बंद. झटका आलाच तर सगळं अंग हलवायची धडपड करायची नाही. पायाचा एक अंगठा हलवायचा प्रयत्न करायचा, श्वास सावकाश सोडायचा. दिवसा आवरत नाही अशी झोप येत असेल, हसताना गुडघे लटके पडत असतील, फिट आल्यासारखं होत असेल किंवा लख्ख जागेपणी दिवसाही काही दिसत-ऐकू येत असेल, तर मात्र माझ्यासारखीकडे न थांबता डॉक्टर गाठायचा. याला तसलं काही नव्हतं.

आईने गावी जाऊन नारळ उतरवून टाकला. मी हरकत घेतली नाही, नारळाने कुणाचं बिघडत नाही. मात्र देवऋषाने "उतरवायला" मारहाण किंवा चटक्यांची भाषा केली, तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे, हे तिला स्पष्ट सांगितलं.

तिचं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. "बाहेरचं असतं तर उतरवता तरी आलं असतं." बाहेरचं म्हटलं की घरात कुणाला काही विचारावं लागत नाही. पुढच्या एका भेटीत मुलगा एकटाच आला आणि म्हणाला, हा शेवटचा प्रयत्न, नाही झालं तर परत जाऊन काकांच्या नर्सरीत काम करायचं आहे, आणि हे वडिलांना सांगायची छाती होत नाही. वडिलांनी त्याच्या खर्चासाठी म्हैस विकलेली.

झटके आता कमी आहेत. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात एक आला, त्याने अंगठा हलवला, कूस बदलली आणि झोपून गेला. वडिलांशी बोलणं अजून व्हायचंय. ते निकालानंतर करू, असं तो म्हणतो. आधीच कर, असं माझं म्हणणं आहे, आणि यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.