मुलीचे पुस्तक वडिलांनी वाचले तेव्हा

पंधरा वर्षांची मुलगी मारामारी, मृत्यू आणि घर सोडून पळणारी मुले यांनी भरलेल्या इंग्रजी कादंबऱ्या वाचते, त्याचा तिच्या मनावर वाईट परिणाम होईल का, ही काळजी घेऊन अनेक पालक माझ्याकडे येतात. त्यांपैकी एका वडिलांचा अनुभव, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, येथे सांगते.

हे गृहस्थ स्वतः चांगले वाचक होते. त्यांचा पिंड ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबऱ्यांवर पोसलेला. ‘मृत्युंजय’ तर त्यांनी मुलीच्याच वयात वाचलेली आणि पुढे अनेकदा. मुलीच्या दप्तरात एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ सापडली तेव्हा मलपृष्ठावरचा मजकूर वाचून ते अस्वस्थ झाले आणि रागाच्या भरात त्यांनी पुस्तक कपाटात कुलूपबंद केले. तेव्हापासून दोघांमध्ये कामापुरतेच बोलणे उरले होते.

अशा वेळी मी आधी पुस्तकाविषयी विचारत नाही. झोप, भूक, मैत्रिणींमधले मिसळणे यांत ठळक बदल झाला असेल, किंवा मरणाची, स्वतःला इजा करण्याची भाषा कानांवर येत असेल, तर मुलगी काहीही वाचत असो, तिच्याशी थेट बोलावे आणि तज्ज्ञांची मदत घ्यावी. टेली-मानसची 14416 ही सरकारी हेल्पलाइन त्यासाठी चोवीस तास चालू असते. मुलीला मी एकटीला भेटले, तेव्हा यांपैकी काही आढळले नाही. तिच्या मनात चीड होती ती न वाचताच पुस्तक वाईट ठरवल्याची, आणि ती मला रास्त वाटली.

म्हणून मी वडिलांना ती कादंबरी वाचायला सुचवले. हे मी प्रत्येकाला सांगत नाही, कारण काही पालक असे पुस्तक केवळ पुरावे गोळा करण्यासाठी वाचतात. त्यांना दोन गोष्टी पाळायला सांगितल्या: पुस्तक आधी मुलीला परत द्यायचे आणि मग तिच्याकडून वाचायला मागायचे, आणि वाचताना तिची चौकशी करायची नाही.

पहिल्या आठवड्यात दुसरी गोष्ट मोडली. “यातल्या कोणासारखे तुला वाटते?” असे त्यांनी विचारले आणि मुलगी उठून आत गेली. कादंबरीही त्यांना रुचेना. भाषा साधी, भव्य प्रसंग नाही, चौदा वर्षांचा मुलगा आपलीच गोष्ट सांगत बसतो, अशी त्यांची तक्रार होती. त्यावर मी त्यांना ‘मृत्युंजय’ची आठवण करून दिली. तिथेही कर्ण स्वतःच बोलतो, कुळावरून झालेला अपमान स्वतःच्या तोंडून सांगतो, आणि म्हणूनच तो आपल्याला आतून कळतो. दोन्ही पुस्तके 1967 सालचीच. त्यातले ‘द आउटसायडर्स’ अमेरिकेतल्या टल्सा शहरातल्या एका मुलीने पंधराव्या वर्षी लिहायला घेतले आणि ते प्रसिद्ध झाले तेव्हा ती अठरा वर्षांची होती. हे ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले.

त्यानंतर ते पुन्हा वाचायला बसले. आईवडील अपघातात गेल्यामुळे वीस वर्षांचा डॅरी धाकट्या दोन भावांना सांभाळतो. त्यांतला धाकटा, गोष्ट सांगणारा पोनीबॉय एकदा मध्यरात्र उलटून गेल्यावर घरी येतो तेव्हा डॅरी त्याच्यावर हात उगारतो, आणि तो मुलगा घरातून पळून जातो. या प्रसंगाशी आपण थांबलो आणि त्या रात्री पुढे वाचवले नाही, असे वडिलांनी मला सांगितले. मुलीच्या समोर कपाटाला कुलूप लावणारा आपला हात त्यांना आठवला होता. माझ्या मते, त्यांच्या नेहमीच्या कादंबऱ्यांत हे घडले नसते. तिथे ते राजाच्या किंवा योद्ध्याच्या बाजूने पाहतात, इथे मात्र मोठ्या माणसाकडे चौदा वर्षांच्या मुलाच्या नजरेने पाहावे लागले.

तिसऱ्या भेटीत त्यांनी सांगितले की मुलीने स्वतःहून विचारले, “बाबा, डॅरी चुकला असे तुला वाटते का?” चुकला, पण त्याला धाकट्याला गमावण्याची भीती होती, असे उत्तर त्यांनी दिले. त्यावर ती म्हणाली, “हो, पण ते पोनीबॉयला हॉस्पिटलमध्ये कळते, डॅरी रडतो तेव्हा. तू अजून तिथपर्यंत पोचलास का?” ते पोचले नव्हते. राहिलेली पाने त्या दोघांनी त्याच संध्याकाळी एकत्र वाचली.