पुरण गिळवत नाही, आग्रह मोडवत नाही

प्रश्न : लग्नानंतरची पहिलीच गौर आहे. चुलत सासूबाईंनी सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलंय. मला पुरण अजिबात आवडत नाही आणि अळूची भाजी तर नकोच वाटते. पानात टाकलं तर बोलणं होईल, नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल. काय करावं?
– एक वाचक

उत्तर : जे सांगायचं ते वाढतानाच सांगा. कमी वाढून घेतलेलं कुणाला खटकत नाही, टाकलेलं सगळ्यांना दिसतं. देवीचा प्रसाद म्हणून घासभर तरी घ्यावा लागेल. तेव्हा "नको" न म्हणता "चतकोरच वाढा, लागली तर मागून घेते" म्हणा. पानं आधीच वाढून ठेवली असतील, तर पहिला घास घेण्याआधी अर्धी पोळी काढायला सांगा. जेवायला सुरुवात झाली की ती उष्टी. नवऱ्याच्या पानात सरकवण्याचा बेत नको, सवाष्णींची पंगत बहुधा वेगळी बसते.

चतकोर पोळी दुधात कुस्करू नका, गोडपणा कमी होत नाही. कटाच्या आमटीत बुडवून खा. चिंच आणि मसाल्याने पुरणाचा गोडवा बराच मारला जातो. पोळी गरम असतानाच बरीचशी संपवा, गार पुरण घट्ट होऊन घशाशी बसतं. मात्र शेवटचा तुकडा मागच्या भातापर्यंत पानात राहू द्या. नावडतं एकदाचं उरकून टाकावं म्हणून बरेच जण पोळी आधी संपवतात आणि नेमके तिथेच फसतात: पानातली ती जागा रिकामी दिसली, की आवडली असं समजून दुसरी पोळी येते.

आग्रह झालाच तर पानावर हात आडवा धरा आणि त्याच दमात दुसरं काहीतरी मागा. "पोळी पुरे, आमटी मात्र वाटीभर वाढा." वाढणारीला रिकाम्या हाताने परत जावं लागलं नाही, की ती हट्ट धरत नाही.

अळू नुसतं आवडत नसेल तर चमचाभर घेऊन वरणभाताबरोबर संपवा. घसा खाजत असेल तर गोष्ट वेगळी. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चिंच किंवा आंबट चुका घालून नीट शिजवलं तर त्रास कमी होतो, तरी काहींना होतोच. "मला अळू खाजतं" एवढं कारण कुठल्याही घरात चालतं. पण खोटं सांगू नका. पुढच्या वर्षी खास तुमच्यासाठी दुप्पट चिंच घालून केलेलं अळू पानात येईल. पोट बिघडल्याचं सांगाल तर ओवा चावत बसावं लागेल. मधुमेहासारखं खरं कारण असेल, तर ते आमंत्रण येताच कळवावं.

कौतुक कराल ते मनापासून आवडलेल्या पदार्थाचंच, कोशिंबिरीचं, भज्यांचं. "पुरण काय सुरेख झालंय!" म्हणालात तर निघताना ओटीबरोबर चार पोळ्यांचा डबाही हातात येईल. आलाच तर मुकाट्याने घ्या, घरी खाणारे असतील.